फेटिया कुणाच्या अंगावर?

हस्तकलेच्या मोठ्या प्रदर्शनात एखाद्या तरी दुकानावर बंजारा बाहुली दिसते. वीतभर उंची, लाल-निळ्या चिंध्यांचा घेरदार घागरा, त्यावर चमकणाऱ्या टिकल्या, डोक्यावरून ओढणी, हातांत कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ती कोण हे सांगावे लागत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या पट्ट्यात कुठल्याही रस्त्याने निघालात तरी वाटेत तांडा लागतोच. पण हीच बाहुली तांड्यातल्या एखाद्या जुन्या बाईच्या हातात दिली, तर ती आधी तिच्या कानशिलाकडे पाहील. तिथे टोपली नाही, टोपलीखाली लोंबणारी घुगरी नाही. मग हात पाहील. कोपरावर चुडो आहे. चुडो आहे म्हणजे नवरा आहे. मग घुगरी का नाही? आणि नवरा नसेल, तर चुडो कसा राहिला? शहरातल्या गिऱ्हाइकाला जी बाहुली पाहताक्षणी कळते, ती ज्यांची म्हणून विकली जाते त्यांनाच कळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ही विसंगती आहे. बंजारा स्त्रीचा पेहराव हा आपल्याकडे ‘रंगीबेरंगी’ या एका विशेषणात संपवला जातो. त्याचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते, की त्यातली एकेक वस्तू कुठल्यातरी व्यापारी वाटेवरून आलेली आहे, आणि ती वाट बंद झाल्यावर त्या वस्तूचे काय झाले यातच या समाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे.

प्रथम नावांचा उलगडा. बंजारा स्वतःला ‘गोर’ म्हणवतात आणि बाहेरच्याला ‘कोर’ म्हणतात. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ यावरून आले असे सामान्यतः मानतात; कर्नाटकात तेच लंबाणी, आंध्र-तेलंगणात लंबाडी. महाराष्ट्रातला वंजारी समाज शासनदरबारी वेगळा नोंदलेला आहे, त्या दोघांची सरमिसळ वर्तमानपत्रेही करतात. आणि युरोपातल्या रोमा लोकांशी बंजाऱ्यांचे नाते जोडण्याची जी हौस अधूनमधून उसळते, तिला पुरावा फार तोकडा आहे. या लेखापुरते तिला बाजूला ठेवलेले बरे.

पेहरावाचे मुख्य भाग तीन. कमरेखाली फेटिया, म्हणजे जाड कापडाचा, रुंद पट्ट्याचा, भरतकाम केलेला घागरा. अंगात कांचळी, म्हणजे पाठ उघडी ठेवणारी, पुढून आरशांनी आणि टाक्यांनी भरलेली चोळी. डोक्यावर टुकरी, म्हणजे लांब ओढणी. तिचा कपाळावर येणारा काठ नाण्यांनी किंवा कथलाच्या टिकल्यांनी जड केलेला, म्हणजे वाऱ्याने ती उडत नाही. त्यावर दागिने: गळ्यात हासली, हातांत बलिया आणि चुडो, केसांच्या बटांत गुंफलेली चांदीची टोपली-घुगरी. घुगरी आणि कोपरावरचा चुडो ही सौभाग्यलेणी. नवरा गेला की ती उतरतात. याखेरीज घरातल्या वस्तू होत्या: पाण्याच्या घागरींखाली डोक्यावर ठेवायची कवड्यांनी मढवलेली चुंबळ, सुपारी-पैशांची कोथळी, बैलाच्या पाठीवरच्या झुली. आरसे कशासाठी, असे विचारले की रानातली जनावरे चमकीला भिऊन पळतात, असे उत्तर सर्रास मिळते. मला ते मागाहून रचलेले वाटते. वाघाला घाबरवायला तांड्याची कुत्री आणि जाळ पुरेसा होता. आरसा सुंदर दिसतो, एवढे कारण कुठल्याही बाईला पुरावे.

आता हा पेहराव किती जुना? इथे आपला पहिला समज ढासळतो. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला उत्तर हिंदुस्थानात वाटेवर एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल असल्याचे त्याने लिहिले आहे. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिले. त्यांच्यात चार गट असून प्रत्येक गट धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकच माल वाहतो, असे त्याचे म्हणणे. ताव्हर्निएने बायकांकडेही पाहिले. त्या कमरेभोवती पाच-सहा वेढ्यांचे सुती कापड गुंडाळतात आणि कमरेच्या वरच्या अंगावर फुले गोंदवून ती रंगवतात, त्यामुळे त्यांची त्वचाच फुलांची वाटते, असे त्याने नोंदवले. आरसे नाहीत, कांचळी नाही, कवड्या नाहीत. त्याने पाहिलेला तांडा हा एका प्रदेशातला असणार, आणि परक्या प्रवाशाच्या नजरेला मर्यादा असतात, हे मान्य. तरीही ज्याला आपण ‘अनादि’ म्हणतो तो पेहराव सतराव्या शतकात आजच्या रूपात सर्वत्र नव्हता, एवढे यावरून म्हणता येते.

पुढचे सविस्तर वर्णन वऱ्हाडातून मिळते. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले. ते १८८२ मध्ये छापले गेले. त्याचा आधार घेत रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांवर मोठे प्रकरण लिहिले. मथुरिया, लभाणा, चारण आणि ढाडी हे चार विभाग तिथे सांगितलेले आहेत. राठोड, पवार, चव्हाण ही आपल्या परिचयाची कुळे चारणांची. भरतकामाचे कपडे, हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या बांगड्या हे सगळे या वर्णनात आले आहे. आणि एक गोष्ट अशी आहे जी आज आपल्याकडच्या तांड्यांत दिसत नाही. चारण स्त्रिया डोक्यावर केसांत सुमारे सहा इंचांची एक काठी उभी खोवत आणि तिच्यावरून ओढणी सोडत. चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्यामुळे एक शिखर तयार होई. लांबून येणारा तांडा आपला की परका हे त्या शिखरावरून कळत असणार.

ताव्हर्निए आणि रसेल यांच्यामधल्या अडीचशे वर्षांत हा पेहराव घडला, आणि तो बैलाच्या पाठीवर घडला. कवडी मालदीवच्या समुद्रातून यायची. बंगाल-ओरिसाकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती बाजारात नाणे म्हणून चालत होती. जो माणूस गावोगाव माल विकतो त्याच्या बायकोच्या चुंबळीवर कवड्या असणे यात नवल काही नाही. टुकरीच्या काठावरचा चांदीचा रुपया तेच सांगतो. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, असे वीस-पंचवीस रुपये काठाला शिवले की ओढणी ही फिरती तिजोरी होते. तांड्याला भिंत नव्हती, पेटी नव्हती, पुरून ठेवायला स्वतःची जमीन नव्हती. कुटुंबाची शिल्लक बाईच्या अंगावर राहायची. हा पेहराव म्हणजे उघड्यावर मांडलेली खातेवही होती, आणि ती वाचता येणारी माणसे तांड्यात होती.

फौजांना धान्य पुरवणे हा या व्यापाराचा दुसरा पाय. शहाजहानच्या काळातल्या दख्खनच्या मोहिमेत जंगी आणि भंगी या नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते, अशी परंपरा आहे. आकडा परंपरेचा आहे म्हणून सोडून दिला तरी प्रमाणाची कल्पना येते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने असई, अडगाव आणि गाविलगड येथे मराठ्यांशी जे युद्ध केले, त्यात त्याच्या फौजेमागे बंजाऱ्यांचे बैल चालत होते. म्हणजे वऱ्हाडच्या नशिबाचा फैसला झाला तेव्हा त्या रणाच्या पिछाडीला फेटिया-कांचळी होती. या गोष्टीचा उल्लेख आपल्या शालेय इतिहासात मला कधी आढळला नाही.

मग वाटा बंद झाल्या. मिठावरचा कर वसूल करण्यासाठी इंग्रजांनी पंजाबाकडून बऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून पूर्वेला महानदीच्या दिशेने जकातीची लांबलचक रेषा आखली होती. ती १८७९ मध्ये उठली, पण तोवर मिठाचा मुक्त वाहतूकदार मोडला होता. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी लाइन, म्हणजे आपली शकुंतला, कापूस वाहू लागली. एका मालगाडीत किती बैलांचे ओझे मावते याचा हिशेब नायकाला कुणी समजावून सांगावा लागला नसेल. तांडे थांबले. काहींनी गुरे पाळली, काहींनी रान तोडून जमीन केली, बरेच जण मजूर झाले. १९०५ साली जुना वणी जिल्हा ‘यवतमाळ’ झाला, पुसद त्याला जोडले गेले, आणि ज्या पट्ट्यात तांडे स्थिरावत होते तो सगळा या एका जिल्ह्यात आला.

थांबलेला तांडा सरकारला संशयास्पद वाटला, हा यातला क्रूर भाग. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशभर जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. बंजाऱ्यांच्या काही गटांवरही तो ठिकठिकाणी लागू झाला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याची खूण महाराष्ट्रात ‘विमुक्त जाती’ या नावात अजून टिकून आहे. अशा काळात हा पेहराव घालून बाजारात जाणे म्हणजे काय असेल, याचा विचार करावा. काल जी खूण पत म्हणून चालत होती, तीच आज चौकीवरच्या शिपायाला लांबून ओळख देत होती. वर्णनाचे बहुतेक कागद पोलीस अधिकाऱ्यांच्या हातचे आहेत, हा योगायोग नाही. काठीचे शिखर का उतरले याचा कागद मिळत नाही. पण ओळख लपवावीशी वाटण्याला कारणे भरपूर होती.

स्वातंत्र्यानंतर यवतमाळच्या तांड्याला वेगळे भाग्य लाभले. पुसद तालुक्यातल्या गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या आजोबांनी, चतुरसिंग नाईकांनी, ही वस्ती वसवली होती. याच घरातले सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. शाळा आल्या, आश्रमशाळा आल्या, नोकऱ्या आल्या. आत्माराम कनिराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन आले आणि तांड्याचे जगणे मराठी वाचकापुढे तांड्यातल्याच माणसाने मांडले. या सगळ्या वर येण्यात एक गोष्ट गुपचूप खाली ठेवली गेली, ती म्हणजे फेटिया. शाळेत जाणारी मुलगी फेटिया घालून गेली नाही. तिची आई पाचवारी नेसू लागली. कापूस वेचायला, ऊसतोडीला जाताना आठ-दहा किलोचा पेहराव आणि दागिने सोयीचे नव्हतेच. वर ‘लमाणीण’ हा शब्द गावात ज्या सुरात उच्चारला जातो तो सूर. बाईने स्वतःच्या सोयीने पेहराव बदलला तर त्यात हळहळण्यासारखे काही नाही. पुरुषांनी धोतर-पागोटे सोडले तेव्हा कुणी लेख लिहिले नव्हते. प्रश्न आहे तो उतरवलेल्या कपड्याचे पुढे काय झाले, हा.

तो विकला गेला. दुष्काळात आधी चांदी गेली, नाणी उसवली गेली. मग फिरते व्यापारी तांड्यांतून जुनी कांचळी, चुंबळी, झुली भांड्यांच्या किंवा थोड्या पैशांच्या बदल्यात गोळा करू लागले. एका बाईने लग्नाआधी दोन-तीन वर्षे बसून भरलेला फेटिया चौकोनी तुकड्यांत कापला जाऊन उशीचा अभ्रा होतो, खांद्यावरची पिशवी होते, गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्याला विकला जातो. विकणारी बाई अनेकदा लंबाणीच असते. उरलेला पेहराव स्नेहसंमेलनाच्या ‘बंजारा नृत्या’साठी भाड्याने मिळतो: पॉलिएस्टर, प्लॅस्टिकचे चुडे, चिकटवलेले आरसे. आणि उरली ती बाहुली, जिचा शिवणारा हात बहुधा तांड्याबाहेरचा.

बाहुलीवर दोष ठेवण्याआधी एक वेगळे उदाहरण पाहावे, कारण बाहुली हे अपरिहार्यपणे खोटेच साधन आहे असे नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सेमिनोल नावाचे आदिवासी राहतात. अमेरिकी सैन्याशी त्यांची तीन युद्धे झाली. १८५८ मध्ये तिसरे संपले तेव्हा एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची जेमतेम काही शे माणसे उरली होती. त्यांची आजची ओळख म्हणजे रंगीत पट्ट्यांचा, बारीक तुकडे जोडून शिवलेला घागरा आणि खांद्यावरची झूल. हा पेहराव जुना म्हणावा तर तो हाताने फिरवायच्या शिवणयंत्रातून जन्मला; तुकडेजोडणीची ती पद्धत १९१० नंतरची. म्हणजे जेमतेम शंभर वर्षांची परंपरा, आणि तरी ती त्यांची आहे याबद्दल कुणाला शंका नाही.

१९२८ मध्ये दलदलीतून टॅमिआमी ट्रेल हा मोटाररस्ता निघाला आणि त्यावरून पर्यटक आले. शिकारीवर जगणाऱ्यांना रोख पैसा लागू लागला. तेव्हा सेमिनोल बायकांनी पामेटो या बुटक्या ताडाच्या तंतुमय सालीपासून बाहुल्या करायला घेतल्या. तशा बाहुल्या त्या आपल्या मुलींसाठी आधीपासून करत होत्याच. सालीचे अंग, आत भुसा किंवा कापूस, दोऱ्याने काढलेले डोळे-तोंड, गळ्यात मण्यांच्या सरी आणि अंगावर खऱ्याच पद्धतीने जोडलेले इवलेसे पट्टे. १९३३ पासून हॅरिएट बेडेल या धर्मसेविकेने आपल्या मिशनमधून त्यांच्या हस्तकलेच्या विक्रीला हातभार लावला. पण शिवणारा हात सेमिनोल बाईचाच राहिला. गंमत केसांची आहे. १९३०-४० च्या सुमारास त्या बायका पुठ्ठ्यासारख्या चकतीवरून केस पसरून डोक्यावर छज्जा करत. पुढे ती केशरचना रोजच्या वापरातून गेली, पण बाहुलीच्या डोक्यावर अजून आहे. आपल्या चारण स्त्रियांच्या काठीला हे भाग्य लाभले नाही. ती फक्त एका इंग्रज ग्रंथात उरली.

दोन्हीकडे बाजार आहे, पर्यटक आहे, गरिबी आहे. फरक असा, की सेमिनोल बाईने विकायला नवी वस्तू केली आणि अंगावरचा पेहराव सणासमारंभाला ठेवला. आमच्याकडे अंगावरचा पेहराव विकला गेला आणि नवी वस्तू दुसऱ्यांनी केली. पुढे १९५७ मध्ये सेमिनोलांच्या जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली आणि १९९७ मध्ये त्यांनी स्वतःचे संग्रहालय उघडले. मान्यता मिळवणे आणि बाहुल्या शिवणे यांचा थेट कार्यकारणसंबंध लावणे भाबडेपणाचे होईल. पण आपण कोण हे सांगणारा जिन्नस स्वतःच्या हाताखाली असणे आणि नसणे यात अंतर आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे असेही नाही. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातले संडूर हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तिथल्या कुशल कला केंद्राने लंबाणी बायकांकडूनच भरतकाम करून घेतले आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ च्या जुलैमध्ये हंपीत जी-२० परिषदेच्या निमित्ताने ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या. त्याचा गिनीज विक्रम झाला. विक्रमाचे कौतुक मला फारसे नाही. महत्त्वाचे आहे ते हे, की कुठला टाका कुठे घालायचा हे ठरवणाऱ्या बायका तिथे पगारावर बसल्या आहेत. यवतमाळात, जिथे या समाजाची संख्या आणि सत्ता दोन्ही होती, तिथे त्या तोडीचे केंद्र उभे राहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

ओळखीचा प्रश्न आता नुसता हौसेचा राहिलेला नाही. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेलात की हीच माणसे अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात ती अनुसूचित जातीत. अलीकडच्या काठावर विमुक्त जातीत. बोली तीच, कुळे तीच, फेटिया तोच, कागद तीन. आरक्षणाच्या मागणीच्या मोर्चांत हल्ली पुन्हा फेटिया-कांचळी दिसते, व्यासपीठावरही दिसते. तिचा वापर पुरावा म्हणून होतो आहे. ती भाड्याची असली तर पुरावाही भाड्याचा ठरेल, ही माझी धास्ती आहे.

दिग्रसहून जवळ, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची तिथे समाधी. बंजाऱ्यांची ती काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारत भव्य आहे. अशा संग्रहालयात प्रत्येक कांचळीखाली कुठल्या तांड्याची, कुणी भरली, लग्नाआधी की नंतर, नाणी कुठल्या सालची, कोणती उसवून गेली, एवढे पाच-सहा तपशील लिहायचे म्हटले तर ते पुस्तकांत मिळणार नाहीत. ते सांगू शकणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, पेटीत एखादा तरी फेटिया राखून ठेवलेल्या बायका पुसद-दिग्रसच्या तांड्यांत अजून आहेत. रामनवमीच्या यात्रेला त्यांतल्या पुष्कळ जणी दरवर्षी पोहरादेवीला येतात, आणि समाधीपासून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.